जिन्यावरची रेघ

त्या बुधवारी हेर्मिनेने खडूची रेघ आणखी दोन पायऱ्या वर नेली.

जुनी रेघ ओल्या फडक्याने पुसली, गुडघे टेकून नवी ओढली आणि तिच्या वरच्या पायरीवर पापांसाठी एक लाकडी स्टूल ठेवून दिलं. तळघराचा जिना दगडी होता; फेब्रुवारीत त्यावर गुडघे टेकले की गारठा थेट आत शिरायचा. वरच्या दाराशी कोळशाची बादली घेऊन येलिनेक हे सगळं बघत उभा होता. येलिनेक संस्थेचा शिपाई. जन्म बोहेमियातला, पण हयात व्हिएन्नात गेलेली, आणि जिभेला हाड नाही. पापांना तो हेर डॉक्टर म्हणायचा, म्हणजे डॉक्टरसाहेब, आणि हेर्मिनेला फ्राऊ डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाई.

"हस्तचुंबन, फ्राऊ डॉक्टर," तो जुन्या व्हिएन्नी अदबीने म्हणाला. "रेघ अशीच चढत राहिली तर हेर डॉक्टरांना ट्रॅमच्या थांब्यावर उभं राहून तुमच्याशी बोलावं लागेल. कंडक्टरला आधीच सांगून ठेवू का?"

"आधी ती बादली खाली आणा, येलिनेक."

"आणतो की. मला रेघ ओलांडायची मुभा आहे. कोळसेवाल्याला कोण विचारतो!"

तो खाली आला, शेगडी भरली आणि जाता जाता शिशाच्या घरावर एक टिचकी मारून गेला. हे त्याचं रोजचंच होतं.

शिशाचं घर हेर्मिनेने स्वतः रचलं होतं. घर म्हणजे टेबलावर उभी केलेली विटांची पेटी, माणसाचं डोकं जेमतेम आत मावेल एवढी. तिच्या पोटात गणक नळी ठेवलेली. नळीतून किरण गेला की वरच्या कर्ण्यातून टक् असा आवाज यायचा. किरण सगळीकडूनच येतात. आभाळातून येतात, भिंतीतून, जिन्याच्या दगडातून. हेर्मिनेला मोजायचे असत अगदी मंद नमुने, मिनिटाला एखाद-दुसरा टक् करणारे. बाहेरच्या गलक्यात ते ऐकू यावेत म्हणून चहूबाजूंनी शिसं. तेही साधं नाही. नवं ओतलेलं शिसं स्वतःच टकटकत असतं, म्हणून पापांनी डॅन्यूबकाठच्या एका मठाचं छप्पर उतरवत असताना तिथलं जुनं शिसं मिळवलं होतं. कित्येक पिढ्यांचा पाऊस खाल्लेलं, आतून पार विझलेलं. मठातले वृद्ध पाद्री कागदावर सही करताना विचारत होते, हे शिसं कशासाठी हवंय? पापांनी सांगितलं होतं, "शांततेसाठी." पाद्र्यांना ते फार आवडलं होतं.

घराची एक बाजू उघडी होती, नमुने आत सरकवायला. ते तोंड जिन्याकडे होतं, कारण उरलेल्या तिन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती होत्या आणि ग्रॅनाइट जिन्याहून जास्त बोलका होता.

एका साखर कारखानदाराच्या मृत्युपत्रातून उभी राहिलेली ही लहानशी संस्था; होफ्राट म्हणजे राजसल्लागार अशी जुनी पदवी लावणारे डोर्नर तिचे संचालक. तिच्यात माणसांचे दोन वर्ग होते, वरचे आणि खालचे. वरचे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर रेडियमच्या तीव्र द्रावणांवर काम करणारे. त्यांच्या केसांत, बुटांत, कोटाच्या शिवणींत त्याची धूळ असते असं सगळे धरून चालत, म्हणून वरच्यांनी तळघरात पाऊल टाकायचं नाही, असा कडक नियम. शिसं खाली नळीभोवती होतं. वर, माणसांभोवती, काही नव्हतं. नळी बिघडली तर वर्षाचं काम वाया जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माणसांचं काय बिघडतंय ते कोणी मोजत नव्हतं.

पापा वरचे होते. हेर्मिने खालची.

साडेदहाच्या सुमाराला त्यांची पावलं वाजली. पूर्वी ते दोन-दोन पायऱ्या घेत उतरायचे; आता कठड्याला धरून एकेक. संस्थेच्या दारातून आत आलं की बापलेक एकमेकांना पदवीनेच हाक मारत. तशी पद्धतच होती, आणि दोघांना त्यात एक गंमतही वाटायची.

"फ्राऊ डॉक्टर पाखिंगर, दर्शन मिळेल का?"

"रेघेच्या वरूनच, हेर डॉक्टर."

"अरे वा! पुन्हा बढती मिळाली मला." त्यांनी नव्या रेघेकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. "आणि आसनही. होफ्राट डोर्नरांना तीस वर्षं नोकरी करून खुर्ची मिळाली, मला बघा कशी चालून आली."

ते बसले. कागदात गुंडाळलेला पाव त्यांनी खिशातून काढला, अर्धा मोडला आणि खाली फेकला. तिने झेलला. हे रोजचं होतं. फक्त पाव दरवेळी थोडा जास्त लांबून यायचा.

ते बसल्या-बसल्या कर्ण्यातला आवाज बदलला. एकेकटे पडणारे टक् जवळजवळ येऊ लागले, एकमेकांच्या पायात पाय घालू लागले. हेर्मिनेने पाठ न वळवता हात मागे नेला आणि कर्ण्याचं बटण बारीक केलं.

"असू दे की," पापा म्हणाले. "मला ऐकायला आवडतं."

"माझे कान दुखतात दिवसभर."

"हं." त्यांनी पाव चावला. "तुमचे कान आईवर गेलेत. तिलाही माझं हार्मोनियम वाजवणं सहन व्हायचं नाही."

वरून फ्रॉईलाइन कोफ्लरची हाक आली, जिन्याच्या पोकळीत घुमत. "हेर डॉक्टर! तुमचं द्रावण उतू जातंय, आणि मी त्याला हात लावणार नाही, मागच्या वेळी तुम्ही ओरडला होतात!" कोफ्लर तिरोलची, डोंगरातली, आवाजही डोंगरातलाच. पापांच्या हाताखाली तिला दीड वर्ष झालं होतं आणि पापा म्हणायचे, तिच्याइतका स्थिर हात त्यांनी पाहिला नाही.

"बघा, राज्य बुडतंय," म्हणत पापा उठले. उठताना त्यांनी भिंतीला हात लावला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. स्टूल बुटकं आहे."

ते गेले. हेर्मिनेने बटण पुन्हा मोठं केलं. आवाज हळूहळू विरळ होत आला.

सुरुवातीला ती रेघ तळघराच्या दारात होती. पापा उंबऱ्याशी उभे राहायचे आणि नळीला त्याचा पत्ताही नसायचा. मग एका हिवाळ्यात आकडे वाढू लागले, फक्त साडेदहाच्या आसपास. हेर्मिनेने आधी कोटावर संशय घेतला. पापांनी कोट वर ठेवला. मग बुटांवर. पापा मोज्यांवर आले, आणि येलिनेकने आठवडाभर त्यांना "हेर बालेरिना" म्हटलं. आकडे उतरले नाहीत. रेघ पहिल्या पायरीवर गेली, मग तिसऱ्या, मग वळणावर.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी नीट तपासायचं ठरवलं. कल्पना पापांचीच. घरी आंघोळ करून, संस्थेत कधी न घातलेला सणाचा सूट घालून ते रिकाम्या इमारतीत आले आणि पहिल्यांदाच थेट शिशाच्या घरासमोर येऊन बसले. आवाज असा सुरू झाला की मोजणारा काटा अडखळला. तिने त्यांचे हात साबणाने पुन्हा धुतले. तेच. मग पापा पुढे वाकले आणि पेटीच्या तोंडात, मेणबत्ती विझवावी तशी, एक लांब फुंकर घातली. काही क्षण कर्ण्यातून वेगळे टक् ऐकूच येईनात, नुसती खरखर.

पापा मागे सरकून बसले. बराच वेळ ते पेटीकडे पाहत राहिले.

"माझ्या श्वासासाठी होफ्राटांनी वेगळा भत्ता द्यायला हवा," ते म्हणाले.

ती हसली, तेही हसले. मग दोघं प्राटरच्या बागेत जाऊन आईस्क्रीम खाऊन आले. दुसऱ्या दिवशी तिने रेघ वर सरकवली आणि त्या वर्षीच्या निबंधात लिहिलं, की वरच्या मजल्यावरून येणारा व्यत्यय अंतर वाढवून दूर करण्यात आला आहे. होफ्राटांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने 'छान' असं लिहिलं होतं.

ती अडाणी नव्हती. हातात येईल ते वाचायची. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींची हकिकत तिने वैद्यकीय नियतकालिकात वाचली होती: त्यांचे जबडे, त्यांची हाडं, त्यांच्या श्वासात सापडलेला वायू. एकदा जेवताना तिने ती काढलीही होती. पापा म्हणाले होते, "त्या बिचाऱ्या मुली ब्रशला टोक काढायला तो ओठात धरायच्या. त्यांना कोणी सांगितलंच नाही. आपण शिकलेली माणसं आहोत." त्या दिवशी सकाळीही त्यांनी, जसं गेली पंचवीस वर्षं करत आले होते तसं, काचेची बारीक नळी तोंडात धरून रेडियमचं द्रावण वर ओढलं होतं. खूण आली की थांबायचं आणि वर बोट ठेवायचं. जिभेला लागायच्या आत थांबता येणं, हेच कसब. कधीकधी थांबता यायचं नाही. तेव्हा थुंकायचं, चूळ भरायची आणि पुढचं काम घ्यायचं. सगळे असंच करत.

"अल्फा कणाला कागदाचा एक कपटा अडवतो," हे पापांचं विद्यार्थ्यांना सांगायचं आवडतं वाक्य. "तुमची कातडीही पुरते. त्याला काय घाबरायचं?" कातडीच्या आतल्या बाजूला काय अडवणार, हे विद्यार्थ्यांपैकी कुणी विचारलं नव्हतं. रेडियम रसायनाच्या दृष्टीने चुन्याचं भावंड आहे, शरीर त्याला चुनाच समजून हाडांत नेऊन ठेवतं, हे मात्र पापांनीच हेर्मिनेला शिकवलं होतं, ती शाळेत असताना.

त्या बुधवारी संध्याकाळी घरी स्वयंपाकघरभर मेणाचा वास होता. न्यूट्रॉनचे नवे प्रयोग सुरू झाल्यापासून तिला शिशाबरोबर पॅराफिन मेणाच्या विटाही लागत, कारण न्यूट्रॉन शिशातून बेधडक जातो आणि मेणात मात्र अडखळतो. त्या विटा ती आईच्या केकच्या साच्यात ओतायची.

"तुझी आई आज असती," पापा दारातून म्हणाले, "तर तिने आपल्या दोघांनाही या साच्यात ओतलं असतं."

"पापा, बस आधी. सूप गार होतंय." घरी ती त्यांना तू म्हणायची, आणि ते तिला मिनर्ल.

"काय आहे?"

"कलेजीच्या गोळ्यांचं."

"मिनर्ल, मी तुझं काय वाकडं केलंय?"

तरी त्यांनी खाल्लं, अर्धं. जेवण झाल्यावर ते दोघं पत्ते खेळायला बसले. पापा पत्ते वाटत असताना बाही वर गेली आणि मनगटाच्या वर जांभळा डाग दिसला, तळव्याएवढा.

"हे कशानं?"

"कपाटाचं दार."

"आणि परवा गुडघ्याजवळ होतं ते?"

"तेही तेच कपाट. फार खुनशी कपाट आहे. एक्का टाक, टाकायचाच असेल तर."

तिने एक्का टाकला. पापांनी हुकूम मारून तो उचलला आणि लहान मुलासारखे खूश झाले. नंतर त्यांनी दिवा मालवताना विचारलं, उद्या पाव कसला आणू, खसखशीचा की साधा? ती म्हणाली, खसखशीचा.

पाव आला नाही. साडेदहाला जिन्यावरून येलिनेक धावत खाली आला, स्टुलाला पाय लागून ते गडगडत आलं, आणि तो रेघ, पायऱ्या, सगळं ओलांडून तिच्यासमोर उभा राहिला. पहिल्यांदाच त्याच्याकडे विनोद नव्हता. "नाकातून येतंय," तो म्हणाला. "थांबतच नाहीये."

तिसऱ्या मजल्यावर पापा खुर्चीत डोकं मागे टाकून बसले होते. कोफ्लरने एक टॉवेल नाकाशी धरला होता, दोन जमिनीवर पडले होते. मोठ्या खिडकीतून आत येणारं ऊन स्वच्छ होतं आणि काचसामान त्यात चमकत होतं. "फ्राऊ डॉक्टर," पापा टॉवेलातून म्हणाले, "तुम्ही वर यायचं नसतं. नियम आहे."

इस्पितळातला तरुण डॉक्टर नम्र होता. त्याने रक्त काचेवर घेऊन पाहिलं, पुन्हा घेऊन पाहिलं. पंडुरोग, तो म्हणाला. जरा जोराचा. कच्ची कलेजी द्या, भरपूर. व्यवसाय विचारला तेव्हा हेर्मिने म्हणाली, रसायनशास्त्रज्ञ. त्याने तेवढंच लिहिलं, आणि तिने त्यात भर घातली नाही.

पापा उशांवर पांढरे दिसायचे. उशाच जास्त रंगीत वाटायच्या. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तसं बोलणं कमी झालं, पण डोळे तल्लख होते. एका दुपारी शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपला आहे ना, हे बघून त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"मिनर्ल, ते लहान विद्युतदर्शक आण ना संस्थेतून. सोन्याच्या पानाचं. पिशवीत मावतं."

"कशाला?"

"बघू या तरी किती आहे."

"काय किती आहे?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मोजणारी तू आहेस. मी काय सांगणार तुला?"

तिने वाटीतली कलेजी चमच्याने सारखी केली. तिला वाटत होतं, आकडा कोणी उच्चारला नाही तोवर तो नाहीच. कर्ण्याचं बटण बारीक करावं तसं.

"डॉक्टर म्हणाले, रक्त कमी झालंय," ती म्हणाली. "खाल्लंस तर भरून येईल."

"डॉक्टर म्हणाले ते मी ऐकलं. मी बहिरा नाही अजून. तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, खा."

ते थोडा वेळ थांबले, तिला आणखी काही सांगायचं असेल तर सवड द्यावी तसे. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळी वाटी संपवली, एकही थट्टा न करता. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मार्चमधल्या संत जोसेफच्या सणाच्या आधीच ते गेले.

दफनानंतरचं जेवण संस्थेजवळच्याच एका खानावळीत होतं. उकडलेलं गोमांस, किसलेला तिखट मुळा, आणि पांढरी वाइन. लोक आधी हळू बोलत होते, मग नेहमीसारखे. होफ्राट डोर्नर ग्लास घेऊन उभे राहिले. ते चांगले गृहस्थ होते. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं गुळगुळीत होती, ठसे कधीच झिजून गेलेले, आणि ग्लास ते तळव्याने धरत.

"आमचे पाखिंगर," ते म्हणाले, "मुळात नाजूक प्रकृतीचे. रक्त कमी, आणि काम मात्र चौघांचं. शेवटपर्यंत हातातली नळी त्यांनी सोडली नाही."

सगळ्यांनी ग्लास उचलले. नाजूक प्रकृतीचे पापा साठीपर्यंत दर रविवारी काह्लेनबर्ग चढून जात असत. टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांनी त्यांच्यामागे धापा टाकलेल्या होत्या. हेर्मिनेनेही ग्लास उचलला.

येलिनेक तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "नाजूक! मला त्यांनी एकदा कोळशाच्या बादलीसकट उचललं होतं."

"ठाऊक आहे मला, येलिनेक."

"मग सांगा की त्यांना."

तिने ग्लास टेबलावर ठेवला. तो खांदे उडवून आपल्या वाइनकडे गेला.

निघताना होफ्राटांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "कामाला लागा लवकर. दुसरा उपाय नाही याच्यावर. फ्रॉईलाइन कोफ्लर सोमवारपासून त्यांची जागा घेईल. तशी विद्या वाया जायला नको. आणि एक सांगू? तुमच्या मदतनिसाने गेल्या काही आठवड्यांचे आकडे दाखवले. तळघर इतकं शांत कधीच नव्हतं. व्यत्यय गेला." त्यांना खरोखर तिचं सांत्वनच करायचं होतं. "रेघ आता पुन्हा दाराशी आणायला हरकत नाही."

पलीकडे कोफ्लर रडून सुजलेल्या डोळ्यांनी कोणाला तरी सांगत होती, हेर डॉक्टरांनी तिला नळी ओढायला कसं शिकवलं. पहिल्या दिवशी तिच्या तोंडात सगळं गेलं तेव्हा ते कसे हसले, आणि म्हणाले, आता तू आमच्यातली झालीस.

सोमवारी होफ्राट स्वतः तळघरात आले. त्यांना ती शांतता ऐकायची होती. हेर्मिनेने कर्णा लावला. टक्. मग इतका वेळ काही नाही, की शेगडीतल्या कोळशाचं तडकणं ऐकू यावं. मग टक्.

"अप्रतिम," होफ्राट डोळे मिटून म्हणाले. "चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं."

तिला मात्र ते ऐकवत नव्हतं. नसलेला प्रत्येक टक् तिला मोजता येत होता. हे सगळे टक् आता शहराबाहेर मातीखाली होते आणि तिथे ते आणखी सोळाशे वर्षांनी निम्म्यावर येणार होते. रेडियमचा हिशोब तिला पाठ होता. जगात त्यांना ऐकणारी नळी कोणी तिथे नेणार नव्हतं.

वरून पावलं आली. उड्या मारत, दोन-दोन पायऱ्या. पाठोपाठ कोफ्लरचा आवाज: "फ्राऊ डॉक्टर, माफ करा हं, हेर डॉक्टर बेरियमची बाटली कुठे ठेवायचे? मी सगळी कपाटं—"

ती जिन्याच्या तळाशी येऊन थबकली. जुनी रेघ वरच राहून गेली होती, किंवा दफनाच्या धावपळीत येलिनेकने ती पुसलीही असेल. तिला होफ्राट दिसले आणि ती ताठ उभी राहिली.

टक् टक्. टक्. टक् टक् टक्.

होफ्राटांनी डोळे उघडले. "फ्रॉईलाइन! मागे व्हा, मागे! तुम्ही वरच्या आहात." मग हेर्मिनेकडे वळून, जरा हताशपणे: "आज सकाळपर्यंत किती सुंदर चाललं होतं. फ्राऊ डॉक्टर, रेघ ओढून टाका बरं. पहिल्या पायरीवर पुरेल."

खडू टेबलावरच होता. हेर्मिनेने तो उचललाही. पहिली पायरी. मग तिसरी, मग वळण, मग स्टूल. कोफ्लर सव्वीस वर्षांची होती. गालांवर अजून डोंगरातला लाल रंग होता.

तिने खडू खाली ठेवला.

"या, आत या," ती कोफ्लरला म्हणाली.

"मी?"

"अ‍ॅप्रन काढून ठेवा जिन्यावर. बूटही. तिथे मोरी आहे, हात धुवा. कोपरापर्यंत."

"फ्राऊ डॉक्टर, काय चाललंय हे?" होफ्राट म्हणाले.

"मोजमाप."

कोफ्लरने हात धुतले, खिदळत, पाणी थंडगार होतं. मोज्यांवर चालत ती आली आणि हेर्मिनेने दाखवलेल्या खुर्चीवर शिशाच्या घरासमोर बसली. आवाज दाट झाला. हेर्मिनेने हात पुढे नेला आणि बटण जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत फिरवलं. तळघर भरून गेलं त्याने.

"हेर डॉक्टर म्हणायचे मी फार आवाज करते," कोफ्लर म्हणाली. हसू चेहऱ्यावर होतं, पण ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"पेटीत फुंकर घाला. लांब."

तिने घातली. कर्णा खरखरला.

कोफ्लर मागे झाली. आता ती हसत नव्हती. तिने आधी पेटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या ओल्या हातांकडे, मग होफ्राटांकडे.

"हे काय मोजतंय?"

"धूळ," होफ्राट घाईने म्हणाले. "केसांतली वगैरे. नेहमीचा व्यत्यय आहे तो, काळजीचं कारण नाही. फ्राऊ डॉक्टर दुःखात आहेत, त्यांना आज घरी—"

"हे तुम्हाला मोजतंय," हेर्मिने म्हणाली. आवाजावर आवाज चढवावा लागत होता, पण तिने बटण बारीक केलं नाही. "धूळ धुतली तुम्ही. हे आतलं आहे. नळीतून गिळलेलं रेडियम तुमच्या हाडांत जाऊन बसलंय, आणि त्यातून निघणारा वायू श्वासातून बाहेर येतोय. तुमचं अजून थोडं आहे. त्यांचं पुष्कळ होतं."

"कोणाचं?"

होफ्राट काहीतरी म्हणाले. ते कर्ण्यात बुडालं.

"माझ्या पापांचं," हेर्मिने म्हणाली. या इमारतीत तिने त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. "इथं बसून मी दोन वर्षं त्यांना ऐकत होते. पापा रक्त कमी झालं म्हणून नाही गेले, होफ्राट. पापांना रेडियमनं मारलं."